अर्धी राहिलेली ओळ

शहापूरच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम सरिता आणि अमोल या दोन मराठीच्या प्राध्यापकांकडे होतं. बारावीतल्या वर्षा या मुलीची कविता अमोलने पुढे सरकवली.

नीज नीज रे सोनुल्या
ऊन उतरलं खाली
आई भात झोडायला
गेली नाही

"अंगाई, अष्टाक्षरी. वत्सल रस," अमोल म्हणाला. "शेवटची ओळ अर्धीच आहे. 'गेली नाही सांजवेळी' करून टाकू."

सरिताने मान डोलावली, पण ओळ तिला सोडेना. तास घेताना, भाजी निवडताना ती मनात घोळत राहिली. लय झोपवणारी होती, तरी शेवटी पाय घसरल्यासारखं होई. आणि झोडणीच्या दिवसांत बाई घरी का बसेल?

दुसऱ्या दिवशी तिने वर्षाला थांबवलं. "पुढची अक्षरं राहिली का गं?"

"नाय मॅडम. काशीताई तिथंच थांबते. मग परत पहिल्यापासून म्हणते."

काशी ही वर्षाची थोरली बहीण. नवरात्रात तिचं बाळ तापाने गेलं होतं. झोळी अजून टांगलेली होती आणि दुपारी काशी ती हलवत बसे.

"तिला विचारलंस, छापायचं म्हणून?"

"नाय. ती म्हणते ते वहीत उतरून घेतलं फक्त."

रविवारी सरिता तिच्याबरोबर शेणव्याला, काशीच्या सासरी गेली. वाटभर तिला वाटत होतं, एसटीतून उतरावं आणि परत फिरावं. काशी ओटीवर तांदूळ पाखडत होती. वर्षाने कविता वाचली. सुपातला हात थांबला.

"माझंच हाय हे?"

"तुमचंच," सरिता म्हणाली. "नको असेल तर नाही छापणार."

काशीने सूप खाली ठेवलं. "छापा. पण खाली माझ्या बाळाचं नाव लिवा, आदेश. आता घरात कोणी त्याचं नाव घेत नाय."

सोमवारी अमोलने कागद पाहिला. "आदेश कोण? कवी?"

सरिताने सांगितलं. त्याने आपली 'सांजवेळी' खोडली.

"रस कोणता म्हणायचा मग?" त्याने हळूच विचारलं.

"मला अजून ठरवता आलेलं नाही."

अंक आला तेव्हा वर्षाने काशीच्या घरी एक प्रत नेली. काशीने झोळी अजून उतरवली नव्हती. पण त्या पानावरचं नाव तिने सासूला मोठ्याने वाचायला लावलं, आणि सासूने ते वाचलं.