धाकटीची संमती

धाकटीने घरामागच्या दोन खोल्या थोरल्या दिरांना राजीखुशीने देऊन टाकल्या. तशी सरकारदरबारी नोंद आहे. आता हे घडलंच नाही असं धरून चालू. धाकटी स्वतः तसंच धरून चालली होती.

त्या सकाळी ती भांडी घासत होती. नवऱ्याच्या मागे त्या दोन खोल्या आणि शिलाई मशीन, एवढंच तिचं उरलं होतं. बाहेर थोरले मोबाइल घेऊन बसले होते. घरातल्या सगळ्या बायकांच्या कागदपत्रांना थोरल्यांचाच नंबर जोडलेला. बायकांच्या डोक्याला ताप नको, ही घरची रीत.

"धाकटे, चहा टाक गं."

"टाकते, भाऊजी."

या दोन वाक्यांच्या मध्ये तिने सही केली. मोबाइल वाजला, थोरल्यांनी ओटीपी भरला, पडद्यावर हिरवी खूण उमटली. धाकटी कढईचं बूड खरवडत होती. चहात साखर कमी पडली, याबद्दल तिला बोलणी बसली.

पुढच्या आठवड्यात थोरले म्हणाले, "मशीन जिन्याखाली सरकव. खोल्यांत भाडेकरू येतायत."

धाकटी कचेरीत गेली. सोबतीला मोठी जाऊ, थोरल्यांची बायको, आली, जरा पाय मोकळे होतील म्हणून.

कारकून सभ्य होता. "सही तुमचीच आहे, बाई."

"मी कुठे केली?"

"घरबसल्या! तीच तर सोय आहे."

"पण मला ठाऊकच नाही."

"ठाऊक असण्याचा रकाना नाही यात." त्याने पडदा पुन्हा वाचला. "पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय. फार स्वच्छ संमती आहे हो."

जाऊ हसली. मग म्हणाली, "माझंही बघा की काही."

"तुम्ही माहेरचा हिस्सा गेल्याच वर्षी पतीला बक्षीस दिलाय. प्रेमापोटी."

"कशापोटी?"

"प्रेमापोटी."

जाऊ बाकावर बसली. पंखा फिरत होता. बराच वेळ ती पंख्याकडेच बघत राहिली.

"मला तक्रार करायचीय," धाकटी म्हणाली.

"करा ना. ऑनलाइन. नंबरवर ओटीपी येईल, तो सांगा."

धाकटीने कारकुनाच्या टेबलावरून थोरल्यांना फोन लावला. "भाऊजी, ओटीपी आलाय का?"

"आलाय. कशाचा गं?"

"तुमच्यावर तक्रार करतेय."

"बरं. येताना दूध आण," म्हणून थोरल्यांनी फोन ठेवला.

धाकटीने कारकुनाकडून कोरा कागद मागून घेतला. कागद आता चालत नाहीत, असं त्याने आधीच बजावलं. तरी तिने बाकावर टेकून लिहिलं, खाली सही केली, जावेनेही केली. कारकुनाने तो कागद, उडू नये म्हणून, पाण्याच्या पेल्याखाली ठेवला. तो अजून तिथेच आहे.

'महोदय, विनंती अर्ज करण्यास कारण की, यापुढे आम्ही दोघी कशासही राजीखुशीने संमती देणार असल्यास, त्याबाबत आम्हांस आगाऊ कळविण्यात यावे.'