माशी बसलेली ताटली

गिऱ्हाइकाचं म्हणणं एवढंच होतं: या बारा जुन्या ताटल्यांच्या काठांना नवं सोनं चढवा, आणि एकीवर जी माशी आहे ती खरवडून टाका. बाकी अकरांवर नुसती निळी फुलं, मग हिच्यावरच हे काय?

धाकटीने ताटली खिडकीशी धरली आणि ओळखली. आता ती कारखान्याची मालकीण, साठी ओलांडलेली. पण घरात अजून धाकटीच. या ताटल्या तिनेच नवखी असताना रंगवल्या होत्या. नेमक्या त्याच जागी तिच्या कुंचल्यातून निळा थेंब गळला होता. ओला असता तर बोटाने पुसला असता. पण तो दिसला भट्टीतून पक्का होऊन आल्यावर. तेव्हाचे मालक एका डागासाठी माणसाला घरी बसवत. ताटल्या पुढे काठांना सोनं लावून पुन्हा भट्टीत गेल्या, आणि कोणी हूं की चूं केलं नाही. मालकांच्या नजरेतून सुटलं, म्हणून ती जन्मभर नशिबावर खूश होती.

नशीब कसलं! थेंबाची माशी करणारे पंखांचे ते दोन फटकारे तिने आता ओळखले, थोरल्या जाऊबाईंचे होते. शेजारी बसून दिवसभर हिला टोचून बोलणाऱ्या जाऊबाईंचे.

ती जिना चढून वर गेली.

"ही माशी तुम्ही काढलीत?"

थोरलीने ताटली नाकाशी नेली. "मधमाशी आहे ती. घाईत काढली म्हणून काय झालं!"

"इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बोलले असते, तर दर डागाला माझ्याकडे पळत आली असतीस. हात कधी बसला असता तुझा?"

धाकटीने ताटली परत घेतली. "मी टिकले ती तुमच्यामुळे, जाऊबाई."

"बरं बरं. खरवड आता, माणूस खोळंबलाय."

खाली कारागीर बायका बसल्या होत्या. मालकीणबाईंच्या हातून कधी डाग पडत नाही, असं त्या नव्या मुलींना सांगत. त्या सगळ्यांदेखत धाकटी गिऱ्हाइकाला म्हणाली, "मधमाशी निघणार नाही. तिच्याखाली माझी चूक आहे. माझ्या जावेने ती झाकली, म्हणून मी आज इथे उभी आहे. पटत नसेल तर ताटल्या परत न्या."

गिऱ्हाइकाने ताटलीवरून अंगठा फिरवला. "राहू द्या मग. पंखांनाही सोनं लावा."

धाकटी ताटली, सोनं आणि कुंचला घेऊन पुन्हा वर गेली. थोरलीचा हात आता थरथरत असे. धाकटीने कुंचला तिच्या हातात दिला आणि तिचं मनगट खालून आधाराला धरलं.

"नीट धर, हलतेयस तू," थोरली खेकसली.

खरंच होतं ते.