शून्याचं टोक

“सर, भिंतीला कान लावल्यावर खरंच काही ऐकू येतं, की तुम्ही आम्हाला बनवताय?”

प्रश्न माझा नव्हता. रतन आणि मालनने पैज लावली होती की विचारलास तर आठवडाभर आमच्या डब्यातली कैरी तुझी. मागच्या वर्षीपर्यंत मी शेवटच्या बाकावर बसून हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात ‘हजर’ म्हणायचे. पण नववीत वक्तृत्वाचा कप मिळाला आणि तेव्हापासून माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच. वर्ग फिदीफिदी हसला. मी उभीच.

समोर होते शिवदास सर. ते आमच्या शाळेचे नव्हेत, आर्किटेक्चर कॉलेजचे. उपनगरातल्या मुलामुलींना जुनी घरं तपासायला शिकवायचं, म्हणजे ती मोजायची, कागदावर उतरवायची, कुठली भिंत आजारी आहे ते ओळखायचं, अशी सुट्टीतली एक योजना घेऊन ते आले होते. बोलता बोलता त्यांनी आमच्या वर्गाच्या भिंतीवर लाकडी हातोडीने ठोकून कान लावला होता.

“इकडे ये,” ते म्हणाले. “तूच ऐक.”

एका जागी ठोकलं, टक्‌. वीतभर बाजूला ठोकलं, ढब.

“ढब म्हणजे काय?”

“आत पोकळ आहे,” मी म्हटलं.

“प्लास्टरने भिंत सोडलीय. वरून चकाचक, आत काही नाही. नाव काय तुझं?”

“अनुपमा दत्ताराम तळवडेकर.”

“सोमवारी चकाल्याच्या गावठाणात ये, आठ वाजता.”

कैरी मिळालीच, वर हे.

गावठाणात आम्ही आठ जण होतो. गावठाणाला लागूनच सात मजली इमारत उठत होती आणि तिच्या पायाचं मशीन सकाळपासून जमिनीत लोखंड ठोकत असायचं. धप्प, धप्प. कपाटातली भांडी वाजायची. पावसाच्या आत कुठल्या घराने किती मार खाल्लाय ते बघायचं, हे आमचं काम. आणि एक आमिष होतं. सुट्टी संपल्यावर आठांतलं एकच जण सरांबरोबर पुढे जाणार होतं. बोरिवलीच्या गावठाणातली चाळीस घरं, वर्षभर दर रविवारी, निवड झाल्याबरोबर स्वतःची लाकडी हातोडी आणि शेवटी सर्टिफिकेट. मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की ती हातोडी माझी.

मग मोनिका आली.

मोनिका त्या गावठाणातलीच. तिचे पप्पा रोझारिओ सुतार. चापूनचोपून घातलेली एक वेणी, हातात कायम पेन्सिल, आणि बोलायचं म्हणजे जणू शब्दाला पैसे पडतात. मी दहा वाक्यं बोलून सरांचं लक्ष वेधायचे, आणि ही एका वाक्यात ते घेऊन जायची. “सर, या वाशाला वाळवी आहे.” बस्स. सर धावत.

त्यात टेप. घर मोजायला टेपची दोन टोकं लागतात. एकीने शून्याचं टोक कोपऱ्यात दाबून धरायचं, दुसरीने आकडा वाचायचा आणि लिहायचा. सरांनी शून्य मला दिलं आणि डबी मोनिकाला. “शून्य हललं की सगळं चुकलं, अनुपमा,” असं म्हणाले, पण हलकं काम मला दिलंय, हे मला कळलं. मे महिनाभर मी जळमटात डोकं घालून, अंगठा दाबून, उकिडवी. आणि ही लांब उजेडात उभी राहून राणीसारखी म्हणायची, “तीन मीटर अठ्ठ्याहत्तर.” तिचं ते ‘अठ्ठ्याहत्तर’ मला रात्री झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

आम्हा दोघींना घर मिळालं अँजेलिनाबायचं. गावठाणातलं सगळ्यांत जुनं, दगड-चुन्याच्या जाड भिंतींचं. ओट्याकडच्या भिंतीला खिडकीपासून छपरापर्यंत तडा गेला होता. तडा जुना आहे की अजून वाढतोय, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी बसवायची, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसचा गोळा, वर तारीख. भिंत हलली तर काच तडकते. सरांचा नियम एकच होता आणि त्यांनी तो तीनदा सांगितला होता. आधी पटाशीने प्लास्टर खरवडायचं, दगड दिसू द्यायचा, मग काच.

भिंतीची आतली बाजू मोनिकाला, बाहेरची मला. एकच भिंत, एकच तडा. मी मनात म्हटलं, आता दिसेल कोण कशी ते.

आतून खर्र खर्र आवाज येत होता. मी बाहेर पटाशी लावली, तर ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली अँजेलिनाबाय ओरडली, “अगं पोरी, काय करतेस? परवाच चुना मारलाय. माझ्या लेकाचं, एडवर्डचं लगीन आहे महिनाअखेरीला. लग्नाच्या घराच्या भिंतीला खड्डे पाडतेस?”

“बाय, सरांनी सांगितलंय.”

“सरांच्या घरी लगीन नाहीये.” मग आवाज मऊ करून म्हणाली, “ती मोनिका बघ, आमचीच पोर, पण आतली भिंत ओरबाडून ठेवली. तू शहाणी दिसतेस. वरूनच चिकटव ना. कोणाला कळतंय?”

तिने मला दोन गरम फुग्या दिल्या, आमच्याकडच्या गुलगुल्यासारख्या पण जास्त हलक्या. मोनिकाला नव्हत्या दिल्या. खरं सांगते, फुग्यांपेक्षा ‘तू शहाणी’ जास्त गोड लागलं. मी पांढऱ्याशुभ्र चुन्यावरच काच चिकटवली. मस्त बसली. सर आले तेव्हा गोळ्यांखाली खरवडलंय की नाही ते दिसत नव्हतं, आणि आतल्या खड्ड्यापेक्षा माझीच पट्टी देखणी दिसत होती.

दर रविवारी पत्रक भरायचं. पहिला रविवार, दोघींचं ‘पट्टी अखंड’. दुसरा रविवार, तसंच. तिसऱ्या रविवारी मोनिकाची काच मधोमध तडकलेली होती. माझी तशीच्या तशी.

सर आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. “एकाच भिंतीची दोन उत्तरं कशी?”

मोनिका म्हणाली, “भिंत हलली, सर.”

“हलली असती तर माझी नसती का फुटली?” मी म्हटलं. “हिने बसवताना जास्त दाबली असेल. नाहीतर आतल्या खाटेचा धक्का लागला असेल. आत लग्नाचं किती सामानसुमान हलवणं चाललंय बघा ना.”

वक्तृत्वाचा कप उगाच नाही मिळत. सगळे माझ्याकडे बघून माना हलवायला लागले. मोनिकाने एकदाच माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. सरांनी तिच्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि नवी पट्टी लावायला सांगितलं. जाताना मला म्हणाले, “तुझं पत्रक स्वच्छ आहे. बोरिवलीचं डोक्यात ठेव.”

मी घरापर्यंत चालले की उडाले ते आठवत नाही. बाबा आमचे आधी गिरणीत होते, संपात गिरणी गेली, आता अंधेरीच्या एका कारखान्याच्या गेटवर असतात. त्यांनी त्या संध्याकाळी अख्ख्या चाळीला सांगितलं, “आमचा चेडू घरां तपासता.” चेडू म्हणजे मुलगी, मी. आईने दुसऱ्या दिवशी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. शेवंती तळवडेकर स्वतःला चप्पल घेताना तीन दुकानं फिरते. माझ्या बुटांना तिने भावसुद्धा केला नाही.

गुरुवारी मी एकटीच गावठाणात गेले. कशाला ते सांगते. मोनिकाची नवी पट्टी फुटलेली नाही, हे बघायला. ती शाबूत असली की मी जिंकले.

ती फुटली होती. चार दिवसांत. खाट तर मोनिकाने ओढून पार दुसऱ्या भिंतीला नेली होती, आणि काचेसमोर खुर्ची आडवी ठेवली होती, म्हणजे कोणाचा हात लागू नये.

मी बाहेर आले. माझी पट्टी उन्हात चमकत होती. मी तिच्या बाजूला बोटाच्या पेराने ठोकलं.

ढब.

जरा वर. ढब. खाली, ढब. शाळेत ऐकला होता तोच आवाज. प्लास्टरने भिंत सोडली होती आणि माझी काच त्या सुटलेल्या पापुद्र्यावर आरामात बसली होती. मागे भिंत सरकत होती, हिला पत्ताच नव्हता.

आधी मनात काय आलं तेही सांगते. कोणी ठोकून बघणार नाही. रविवारी पुन्हा म्हणायचं, मोनिकाने दाबली. लोक ऐकतात माझं. हातोडी आणि बोरिवली माझी. इतकं सगळं मी एका श्वासात ठरवलं.

तेवढ्यात एडवर्ड शिडी घेऊन आला. पाठोपाठ मांडववाला बांबू घेऊन. भिंतीत वर लोखंडी कडी होती, जुन्या काळापासूनची, या घरच्या प्रत्येक लग्नाचा मांडव तिलाच बांधतात. एडवर्ड म्हणाला, “इथे ताण घे, पक्का. शनिवारी सगळ्या बाया इथेच खाली फुग्या तळायला बसणार.”

मांडववाल्याने दोर कडीतून ओवला.

“थांबा,” मी म्हटलं.

“का गं?”

“दोर काढा. ही भिंत हलतेय.”

“तूच तर सगळ्यांना सांगितलंस की हलत नाही.”

“मी चुकीचं सांगितलं.”

हे तीन शब्द वक्तृत्वाच्या भाषणात नव्हते. 

सर गावठाणाच्या मधल्या दगडी क्रॉसजवळच्या खोलीत नकाशे काढत बसले होते, मोनिकाही तिथेच. मी दोघांना घेऊन आले. सरांनी ठोकलं, कान लावला, आणि बोटांनी नुसतं ओढलं. परातीएवढं प्लास्टर अख्खं त्यांच्या हातात आलं, वर माझी काच, तारखेसकट. मागचा तडा इतका रुंद झाला होता की मोनिकाने पेन्सिल आत घातली आणि ती तिथेच राहिली.

“पत्रकात काय लिहिलंयस?” सरांनी विचारलं.

“पट्टी अखंड.”

त्यांनी हातातल्या ढलपीकडे पाहिलं. “ते खरंच आहे. पट्टी अखंड आहे.”

ओरडले असते तर बरं झालं असतं.

“दगडावर का नाही लावलीस?”

अँजेलिनाबाय दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. “चुना नवा होता. आणि मला कोणीतरी शहाणी म्हणालं.”

संध्याकाळपर्यंत मोनिकाच्या पप्पांनी भिंतीला तीन टेकू लावले. मांडव मागच्या अंगणात गेला. सरांनी मशीन चालवणाऱ्या कंत्राटदाराला देण्यासाठी पत्र लिहिलं, त्याला मोनिकाचं पत्रक जोडलं. माझं नाही. मग आम्हा सगळ्यांसमोर, आकडा वाचावा तसं सांगून टाकलं, “बोरिवलीला मोनिका येईल.”

खरं बोलल्यावर बरं वाटतं म्हणतात. मला काही वाटलं नाही. मोनिकाचा हेवा होता तो तसाच. तिच्या हातात ती लाकडी हातोडी बघून तर जास्तच. छोटीशी, मुठीत मावणारी, दांड्याला तेल लावलेली.

मी क्रॉसच्या पायरीवर बूट झटकत बसले. मोनिका येऊन शेजारी बसली.

“तुला आधीच माहीत होतं ना?” मी विचारलं.

“तू खरवडलं नाहीस ते माहीत होतं. आवाजच आला नव्हता बाहेरून.”

“मग रविवारी बोलली का नाहीस?”

“तुझ्यापुढे? मी एक वाक्य जुळवेपर्यंत तुझी चार होतात.” ती हातोडीने पायरीवर हळूच ठोकत होती. “मला राग येतो तुझा. भिंतीला कान मी लहानपणापासून लावते, पप्पांबरोबर. आणि सर सगळीकडे कौतुक सांगतात कोणाचं? तुझ्या त्या प्रश्नाचं.”

“तो माझा नव्हताच. कैरीची पैज होती.”

ती हसली. पहिल्यांदाच. मग म्हणाली, “बोरिवलीला टेप एकटीने नाही धरता येणार.”

“शून्य काय, कोणीही धरेल.”

“काल आपल्यातल्या सहदेवने धरलं. दर वेळी दोन सेंटीमीटर हलतं त्याचं. तुझं महिनाभर एकदाही नाही हललं. मी प्रत्येक माप घरी जाऊन जुळवून बघायची. वाटायचं, एकदा तरी हलू दे हिचं.”

  मीही आले तर चालेल का, हे सरांना विचारायला तीच उठली. सर म्हणाले, जागा एकच, सर्टिफिकेट एकच, हातोडी एकच. यायला मात्र कोणाला बंदी नाही.

घरी पोचले तेव्हा बाबा ड्युटीवरून येऊन चहा पीत होते. आई वाटाणे सोलत होती. बूट मातीने लाल झाले होते, आईने आधी तेच पाहिले.

“जागा मोनिकाला मिळाली,” मी म्हटलं. “माझी चूक होती. भिंत पडली असती.”

आईचे हात थांबले. बाबा म्हणाले, “आणि मी सगळ्या चाळीक सांगितलंय, गो.”

“मग हेही सांगा.”

“ऱ्हवांदे. दहावीचा वर्स आसा तुझा. आता अभ्यास कर मुकाट.”

“अभ्यास करणारच आहे, सोमवार ते शनिवार. रविवारी मी बोरिवलीला जाणार आहे. दर रविवारी, वर्षभर.”

“जागा दिली नाही ना तुला?” आई म्हणाली. “मग कशाला? सर्टिफिकेट नाही, काही नाही. लोकांच्या मागे पिशवी घेऊन फिरायला?”

“पिशवी नाही, टेप. मोनिका आकडा वाचणार, मी शून्य धरणार. आणि दहावीनंतर मी कॉमर्सला जाणार नाहीये, बाबा. मी डिप्लोमाला जाणार. ड्रॉइंग शिकणार. मला तिच्या पुढे जायचंय, आणि त्यासाठी आधी तिच्याबरोबर जावं लागणार.”

बाबांनी कप खाली ठेवला. आई माझ्या बुटांकडे बघत राहिली.

“हे उद्या धुऊन ठेवते मी,” मी म्हटलं. “रविवारी लागतील.”