सव्वापट चाचणी

बारकीने निवासी शाळेचा फॉर्म मागवला, तेव्हा तो एकतीस पानांचा असेल असं घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल विचारून विचारून विचारणार तरी काय, असं आईला वाटलं होतं. शाळेला मात्र बरंच काही विचारायचं होतं. उजव्या पावलाचा ठसा हवा होता. मुलगी झोपेत काय बडबडते त्याची तारीखवार यादी हवी होती. 'मी कशात सपशेल हरले' या विषयावर पाचशे शब्दांचा निबंध हवा होता, आणि तो उत्कृष्ट असावा अशी खाली तळटीप होती. शिवाय ज्या व्यक्तीला अर्जदार मुळीच आवडत नाही, तिचं शिफारसपत्र जोडायचं होतं. ते काम वरच्या मजल्यावरच्या ट्रम्पेट मास्तरांनी एका बैठकीत, हसतमुखाने, चार पानं भरून करून दिलं.

जागा नऊ होत्या आणि अर्ज चारशेच्या वर येत. एवढी डोकेफोड करून डोंगरावरच्या त्या थंड इमारतीत जायचं कशाला, असं कुणीही विचारलं असतं. पण बारकी हट्टाला पेटली होती आणि त्याला कारण होतं. त्या शाळेत पूल मोडायचं यंत्र होतं. मुलं लाकडाचे पूल बांधायची, ते यंत्राखाली ठेवायचे, भार वाढवत न्यायचा, आणि पूल कडाडला की तो नेमका तिथेच का मोडला हे शोधून काढायचं. माहितीपत्रकातला त्या यंत्राचा फोटो तिने इतक्या वेळा पाहिला होता की कागद घडीवर फाटला होता. घरी ती आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल करायची आणि त्यांवर शब्दकोश रचायची. पण घरात शब्दकोश तीनच, आणि तिचे पूल आता तिन्ही पेलायला लागले होते. या घरात तिचा पूल मोडणं शक्यच नव्हतं, आणि पूल मोडत नसेल तर शिकायचं तरी काय?

तीस पानं भरून झाली. राहिलं फक्त सत्तावीस नंबरचं पान, आणि त्यावर बाबांची सही हवी होती. इथेच घोडं अडलं.

बाबा लिफ्ट तपासनीस होते. शहरातल्या इमारतींच्या लिफ्टमध्ये लोखंडी वजनं भरायची, लिहिलेल्या भाराच्या सव्वापट, मग लिफ्ट वरखाली करायची, ब्रेक लागतो का पाहायचं आणि लागला तरच सही करायची. चोवीस वर्षांत त्यांनी तपासल्याशिवाय कशावरही सही केली नव्हती, आणि ही सवय ऑफिसातून घरी येताना दाराबाहेर चपलांपाशी काढून ठेवता येत नव्हती. बारकीचं प्रगतिपुस्तक ते सगळ्या विषयांची तोंडी परीक्षा स्वतः घेतल्याशिवाय परत देत नसत. एकदा घरी मिक्सर आला, तर कुरिअरवाल्याला जिन्यात बसवून, त्यात काठोकाठ शेंगदाणे भरून, तो वीस मिनिटं चालवून मग त्यांनी पावतीवर नाव लिहिलं. कुरिअरवाला जाताना मूठभर कूट घेऊन गेला. पुन्हा मात्र तो कधी आला नाही.

सत्तावीस नंबरच्या पानावर दोनच ओळी होत्या. 'अ: अर्जदार कुटुंबापासून दूर राहू शकते. ब: कुटुंब अर्जदारापासून दूर राहू शकते.' दोन्हींपुढे होय किंवा नाही लिहून पालकाने सही करायची होती. दोन्हींपुढे होय नसेल, तर अर्ज उघडलाच जाणार नव्हता.

"लिहा होय आणि करा सही," आई म्हणाली. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची आणि दिवसभर दुसऱ्यांची तोंडं हातात घेऊन बसल्यामुळे तिला जास्त बोलायचा कंटाळा होता.

"तपासलंय कुणी?" बाबांनी विचारलं.

"काय तपासायचंय त्यात?"

"ही एक रात्र तरी घराबाहेर राहिलीय का आजवर? चाचणी घेतल्याशिवाय मी कसं लिहू?"

शाळेचं सत्र बारा आठवड्यांचं. सव्वापट म्हणजे पंधरा आठवडे. अर्ज टपालात टाकायची मुदत चौदा दिवसांवर आलेली. बाबांनी संध्याकाळभर कागदावर आकडेमोड केली आणि जेवताना निर्णय सांगितला.

"वेळ वाढवता येत नाही, तेव्हा ताण वाढवू. दूर राहून दूर राहणं सोपं असतं. जवळ राहून दूर राहायचं. माझ्या हिशेबाने ते बरोब्बर सव्वापट भरतं."

हे ऐकून कुठल्याही शहाण्या माणसाने हात जोडले असते. पण त्या घरात शहाणी म्हणावी अशी आईच, आणि तिच्या तोंडात घास होता. अशा रीतीने दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीचं वसतिगृह झालं, मुक्काम चौदा दिवस.

वॉर्डन म्हणून आजोबांची नेमणूक झाली. आजोबांनी चाळीस वर्षं सिनेमा थेटरच्या दारात उभं राहून तिकिटं फाडली होती, आणि निवृत्त झाल्यापासून हातांना फाडायला काही नाही म्हणून ते झुरत होते. त्यांनी मागच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागून भेटीचे पास कापले. पासावर 'सोडलेली जागा पुन्हा मिळणार नाही' असं लिहायला ते विसरले नाहीत.

नियम कडक होते. बारकीला शाळेत जाता-येता पुढची खोली ओलांडावी लागायची, तेव्हा घरच्यांनी तिला ओळखायचं नाही. पहिल्याच दिवशी ती दप्तर पाठीला लावून बाहेर आली, तर बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आई ओट्याशी होती. तिने वळून पाहिलं आणि विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

"कुणी नाही, मी जातेय."

"बरं. दार ओढून घ्या."

आईने आपल्याला अहो-जाहो केलेलं बारकीला फार लागलं. पण बाबांच्या वर्तमानपत्राला डोळ्यांच्या उंचीवर बोटभर भोक होतं, हे तिने पाहिलं होतं. ती ताठ मानेने बाहेर पडली आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर जाईपर्यंत तिने डोळ्यांची पापणी हलू दिली नाही. रडायचं नाही, काही झालं तरी रडायचं नाही, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. एक थेंब पडला तरी तो वहीत जाणार, आणि वहीत गेला की पूल मोडायचं यंत्र गेलं.

ती वही म्हणजे बाबांची तपासणीची वही. दिवसातून तीनदा ते वॉर्डनकडून नोंदी घ्यायचे. झोप, भूक, रडणं. भिंतीपलीकडून बारकीला सगळं ऐकू यायचं.

"रडणं?"

"शून्य," आजोबा म्हणायचे.

"हुंदका वगैरे?"

"एकदा आवाज आला. मी पास मागितला, तर शिंक होती म्हणाली."

घरच्यांशी बोलायचं तर पत्राने. आई स्वयंपाकघरात बसून पत्र लिहायची, चौकातल्या पेटीत टाकायची, ते शहरभर हिंडून चौथ्या दिवशी पोस्टमनच्या हातून आईकडेच यायचं. मग आई ते वॉर्डनच्या स्वाधीन करायची आणि वॉर्डन दाराच्या फटीतून आत सरकवायचे. 'आज भाजी खारट झाली आहे, पाणी जास्त पी,' असं एका पत्रात होतं. ती भाजी बारकीने चार दिवसांपूर्वीच खाल्ली होती आणि तहानेने तिचा जीव काढला होता. तरी तिने ते पत्र उशीखाली ठेवलं. जपून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण तिने ठेवलं.

रविवारी भेटीचा तास. आई-बाबा दोघंही इस्त्रीचे कपडे घालून घराबाहेर पडले, इमारतीला वळसा घालून तीन मजले चढले आणि आपल्याच घराची बेल वाजवली. आजोबांनी दार उघडलं, दोघांचे पास फाडले, अर्धे परत दिले आणि टॉर्चच्या उजेडात त्यांना पलंगावरच्या जागा दाखवल्या. तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि खोलीत लख्ख ऊन होतं.

"प्रवास कसा झाला?" बारकीने विचारलं.

"गर्दी नव्हती," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"जेवण कसं असतं इथलं?" आईने विचारलं.

"ठीक असतं. भाजी कधीकधी खारट असते."

आईचा चेहरा पडला. तास संपायला दहा मिनिटं असताना आई उठली, तिने बारकीच्या वेणीचा सुटलेला पेड हातात घेतला, आणि आजोबांनी शिट्टी फुंकली.

दहाव्या दिवशी बारकीला ताप भरला. दुपारी शाळेतून आली ती तशीच पडली. वॉर्डननी थर्मामीटर लावला आणि आकडा दाराबाहेर मोठ्याने वाचून दाखवला. आई कामावरून आली, तिने ते ऐकलं आणि तडक मागच्या खोलीकडे निघाली.

"पास?" आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

"बाजूला व्हा, मामंजी."

"वसतिगृहात ताप आला तर तू पोचणार आहेस का तिथे?" बाबा मागून म्हणाले. "वॉर्डनच बघणार ना? हाच तर खरा भार. आता काढून घेतला, तर दहा दिवस फुकट जातील."

आई थांबली. बारकीने आतून ओरडून सांगितलं, "मला काही झालेलं नाही. मी मजेत आहे." आवाज फाटका निघाला, पण निघाला. आई बराच वेळ तिथेच उभी होती. मग तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली आणि पत्राचा कागद टरकन फाटल्याचा आवाज आला. आजोबा रात्रभर खुर्ची आत घेऊन बसले आणि कपाळावर पट्ट्या ठेवत राहिले. दाराची कडी बाहेरून कुणीतरी धरून ठेवली होती. ती खालीही येत नव्हती आणि वरही जात नव्हती. सकाळी ताप उतरला.

चौदावा दिवस उजाडला, आणि दुपारी साडेचारला बाबांनी घड्याळ पाहून चाचणी संपल्याचं जाहीर केलं. पाच वाजता चौकातली पेटी उघडायची, त्याआधी अर्ज तिच्यात पडायला हवा होता. बारकी धावतच पुढच्या खोलीत आली. टेबलावर फॉर्म होता, शेजारी वही उघडी होती आणि बाबा पेन हातात धरून बसले होते.

'अ'पुढे त्यांनी ठळक अक्षरात 'होय' लिहिलं होतं. 'ब'ची जागा कोरी होती.

"आता काय राहिलं?" आईने विचारलं. "पास झाली ना पोर?"

"ती झाली."

बारकीने वही पुढे ओढली. डाव्या पानांवर तिच्या नोंदी होत्या, ओळीने शून्य. उजव्या पानांकडे आजवर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिथेही नोंदी होत्या, तितक्याच नेमक्या, त्याच अक्षरात. 'आई: ताट रोज आधी टेबलावर मांडते, मग आठवण होऊन आत पाठवते. चौदापैकी चौदा वेळा. वॉर्डन: जेवायलाही खुर्ची सोडत नाहीत. कारण विचारता ड्यूटी म्हणतात. दिवस सहावा: वर्तमानपत्राला आणखी एक भोक. दिवस दहावा: तपासनीस स्वतः रात्री नऊ ते पहाटे पाच दाराची कडी धरून उभा. ब्रेक लागला नाही.' खाली दोन रेघा मारून निकाल लिहिला होता. 'कुटुंब: नापास.'

आजोबांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली.

"लिफ्ट नापास झाली की तुम्ही काय करता?" बारकीने विचारलं.

"बंद करतो. दुरुस्त झाली की पुन्हा तपासतो."

"मग ह्याची दुरुस्ती?"

बाबांनी खरोखर विचार केला. ते कपाळाला आठ्या घालून बसले, आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. "ह्याला दुरुस्ती नाही," ते म्हणाले.

पाचला वीस मिनिटं कमी होती. बारकीच्या डोळ्यांपुढून ते पूल मोडायचं यंत्र सरकून गेलं. मला जायचंय, हे ती चौदा दिवस न बोलता सांगत होती, आता तोंडाने सांगायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. या माणसाने दवाखान्याची लिफ्ट बंद करून डॉक्टरांना सहा मजले चढायला लावलं होतं. स्वतःच्या साहेबाची लिफ्ट त्याने बंद केली होती. त्याला कशी गळ घालायची?

बाबांनी फॉर्म जवळ ओढला. 'ब'पुढे त्यांनी 'होय' लिहिलं, हळूहळू, पहिल्यांदाच लिहायला शिकणाऱ्याने लिहावं तसं. मग खाली सही केली आणि कागद फुंकून वाळवला.

"बाबा," बारकी म्हणाली, "हे खोटं आहे."

"हो."

"तुम्ही कधी खोटी सही केली नाहीत."

"नाही केली. पाकीट दे इकडे."

तिने पाकीट दिलं, आणि देतादेता तिचा बांध फुटला. चौदा दिवसांचं सगळं एकदमच बाहेर आलं, नाकातून, डोळ्यांतून, आणि ते थांबवायला म्हणून तिने दोन्ही हात तोंडावर दाबले तरी थांबेना. तिची नजर वहीवर गेली आणि ती घाबरली. "हे लिहू नका," ती हुंदक्यांतून म्हणाली. "बाबा, हे लिहू नका ना."

बाबांनी वही मिटली. पाकिटाला डिंक लावता लावता त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चाचणी साडेचारला संपली," ते म्हणाले. "त्यानंतरचं नोंदीत धरत नाहीत."