काठीला मत नाही

बेर्ता आणि एल्व्हिराचं एकमत झालं, तेव्हा सेनोन चोके उभ्या उभ्या पुचेरोचा मटण-रस्सा खात होता. बसून जेवणं त्याला कधी जमलंच नाही. दोन घास झाले की एक फेरी खिडकीपर्यंत, पुढचे दोन झाले की दारापर्यंत. त्यामुळे पडद्यावर लाल पट्टी उमटली तेव्हा तो दाराशी होता, मटणाचा तुकडा तोंडात होता आणि कोबीचं पान हनुवटीला चिकटलं होतं.

‘पाणी धोक्याच्या रेषेवर. दहा मिनिटांत मुख्य दरवाजा पूर्ण उघडेल.’

बाहेर भोंगा सुरू झाला.

बेर्ता, एल्व्हिरा आणि सोइला ही सालापाम्पा धरणावरची तीन यंत्रं. मंडळाच्या कागदावर त्यांची नावं एक, दोन, तीन अशी होती. सेनोनने त्यांना आपल्या तीन मेव्हण्यांची नावं दिली होती, कारण कामाची पद्धत तीच होती. तिघींनी आपापलं पाणी मोजायचं आणि आपापलं मत द्यायचं. दोघींचं जुळलं की तिसरीने गप्प बसायचं. सासुरवाडीला हीच व्यवस्था तीस वर्षं बिनतक्रार चालू होती.

आत्ता बेर्ता म्हणत होती, पाणी काठोकाठ. एल्व्हिराही तेच म्हणत होती. धाकटी सोइला म्हणत होती, छे, अजून तीन मीटर जागा आहे.

सेनोनने तुकडा न चावताच गिळला आणि फोन उचलला. इंजिनियर ग्लादिस उर्किदी दोन तासांवरच्या शहरात होती, आणि कार्निवलचा मंगळवार असल्यामुळे ऑफिसात नव्हती. फोनमधून आधी पितळी बँड ऐकू आला आणि मग ती.

“थांबा काका, मुखवटा काढते. हं, बोला.”

“इंजिनियरबाई, दरवाजा उघडायला निघालाय. सगळा.”

“किती जणी म्हणतात?”

“दोघी. सोइला नाही म्हणते.”

“मग उघडू द्या की. त्यासाठीच तर तीन बसवल्यात.”

“अहो, खाली नदीच्या पात्रात नाच चाललाय. अख्खं गाव तिथं आहे. माझी बायको निएवेस पुचेरोचं पातेलं घेऊन बसलीय.”

“भोंगा वाजतोय ना? निघतील लोक.”

सेनोनने खिडकी उघडून कान दिला. भोंगा वाजत होता. खाली दरीतल्या बँडने त्याचा सूर पकडला होता आणि तुताऱ्या त्याच्यावर स्वार झाल्या होत्या. ढोलसुद्धा बरोबर मात्रेवर पडत होता.

“निघत नाहीयेत,” तो म्हणाला. “भोंग्यावर नाचतायत.”



“काका, किती घेतलीत?”

“दोन ग्लास. त्यातला अर्धा भाग जमिनीला.”

“हे बघा. वर डोंगरात तीन दिवस पाऊस आहे. पाणी चढलं असेलही. दोन यंत्रं एकाच वेळी चुकणं, हे कंपनीच्या कागदावर अकरा हजार वर्षांतून एकदा घडतं.”

“मोजायला कधीपासून सुरुवात केली, ते लिहिलंय का?”

“काका!”

“मी काठी बघून येतो.”

“काठीला मत नाही, काका,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “दरवाजा अडवायला हातब्रेकचं सील तोडलंत तर चौकशी लागेल. आणि पाणी खरंच वर असलं, तर धरणावरून जाईल. मग चौकशीला गावच उरणार नाही. समजतंय ना?”

समजत होतं. तेच तर वाईट होतं. सेनोनने फोन टेबलावर ठेवला आणि पळत सुटला.

काठी म्हणजे धरणाच्या भिंतीला ठोकलेली लाकडी पट्टी, तिच्यावर आकडे. एकोणतीस वर्षं सेनोन दिवसातून तीनदा ती वाचून फोनवर सांगत आला होता. दोन वर्षांपूर्वी यंत्रं आली, तेव्हापासून त्याचं काम यंत्रांकडे बघण्याचं झालं. काठीकडे बघायला कोणी सांगत नव्हतं. ती रंगवायचे पैसेही मंडळ देत नव्हतं, म्हणून तो घरच्या दाराचा उरलेला रंग तिला लावायचा. गेल्या वर्षी दार निळं झालं, तेव्हा काठीही निळी झाली.

खोलीपासून काठीपर्यंत नव्वद पावलं. त्याने ती साठांत संपवली.

पाणी काठीवरच्या धोक्याच्या आकड्याच्या बरंच खाली होतं. तीन मीटर, वर चार बोटं. सोइला बरोबर होती. आयुष्यात पहिल्यांदाच धाकटी बरोबर होती, आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं.

मग त्याची नजर वर गेली.

भिंतीतून निघालेल्या लोखंडी दांड्यावर तिघींचे तीन कान पाण्याकडे तोंड करून टांगलेले होते. कानाने खाली आवाज सोडायचा आणि तो आपटून किती लवकर परत येतो, त्यावरून पाणी किती वर आहे ते ओळखायचं, एवढं साधं काम. बेर्ताच्या कानाखाली लाल फुगा डोलत होता. एल्व्हिराच्या कानाखाली पिवळा. आवाज फुग्यावर आपटत होता आणि तसाच परत येत होता.

फुगे सेनोननेच बांधले होते.

कार्निवलच्या मंगळवारी शिंपण असतं. घर, गाडी, शिवणयंत्र, दुकानाचं शटर, ज्याच्यावर पोट चालतं त्या सगळ्याला रंगीत कागदाच्या माळा घालायच्या, फुगे बांधायचे, चारी कोपऱ्यांवर बियर शिंपडायची आणि धरणीमातेला सांगायचं की वर्षभर सांभाळ. नव्या यंत्रांचं शिंपण करू नये, असं मंडळाचं पत्रक होतं. गेल्या वर्षी सेनोनने ते पाळलं आणि वर्षभर त्याला झोप लागली नाही. शिंपणाविना यंत्र म्हणजे नाव न ठेवलेलं मूल. या वर्षी, आज सकाळी, तो चोरून आला. बियर सांडली तर आत जाईल म्हणून यंत्रांच्या कपाटांपासून लांब, जमिनीवरच शिंपडली. इतकी काळजी घेतली. मग दांड्यावर चढून फुगे कानांच्या वर बांधले. तिसरा फुगा फुगवतानाच फुटला. “तुझं पुढच्या वर्षी,” असं त्याने सोइलाला सांगितलं होतं. दुपारी वारा सुटला, गाठी सैलावल्या आणि फुगे घसरून खाली लोंबले.

तो पोटावर आडवा झाला, हात लांब केला आणि दोन्ही फुगे ओढून काढले. पिवळा हातातच फुटला.

पण यंत्रं काही लगेच मत बदलणाऱ्यांतली नव्हती. लाटेला फसू नये म्हणून ती मागच्या दहा मिनिटांची सरासरी धरायची. हातातल्या घड्याळात दोन मिनिटं उरली होती.

दरवाजाच्या मोटरच्या खोलीत हातब्रेक होता, पितळी, शिशाच्या सीलने बांधलेला. सेनोन पोहोचला तेव्हा मोटर घरघरायला लागली होती. सील तोडायला पक्कड हवी होती. ती खोलीत, पुचेरोच्या ताटाशेजारी राहिली होती. त्याने सील दातांत धरलं आणि मान मागे झटकली. सील तुटलं. दातही थोडा तुटला. ब्रेकला तो अख्खा लोंबकळला, तेव्हा मोटर कण्हली, थरथरली आणि थांबली.

दरवाजा वीतभर उघडून अडकला होता. तेवढ्या फटीतून पाणी खाली गेलं. ब्रेकला तसाच लटकून तो यंत्रांची सरासरी उतरेपर्यंत मोजत राहिला, मनातल्या मनात, एकेक मिनिट. खालचा बँड थांबला. मग किंकाळ्या आल्या. सेनोनने डोळे मिटून घेतले.

मग बँड पुन्हा सुरू झाला.

तासाभराने निएवेस रिकामं पातेलं घेऊन चढण चढून आली. गुडघ्यापर्यंत ओली होती आणि केसांत रंगीत कागद होते.

“काय रे, सांगून तरी सोडायचंस! कार्निवलात पाणी उडवतात हे मंडळालाही कळलं म्हणायचं. नगराध्यक्षांनी माईकवरून तुझे आभार मानले. फक्त ट्रॉम्बोनवाल्याचा एक बूट वाहून गेला.”

“एकच?”

“दुसरा पायात होता. तुझ्या तोंडाला काय झालंय?”

तो काही बोलायच्या आत फोन वाजला. ग्लादिस होती. तिच्यामागचा बँड आता ऐकू येत नव्हता.

“काका, आकडे बघितले. दोघी पुन्हा ठिकाणावर आल्यात. काय झालं होतं?”

त्याने सांगितलं.

“फुगे आता कुठायत?”

“खिशात.”

“मग खिशातच राहू द्या.” तिने घसा साफ केला. “नीट ऐका. फुगे नसतील, तर यंत्रं बिनकारण बिघडली असं ठरतं. कंपनी दोन्ही उचलून नेईल. मंडळ घाबरेल आणि काठीवाला माणूस ठेवेल. निवृत्तीपर्यंत तुम्हीच. शिवाय काठीलाही मत मिळेल, मी स्वतः लिहून देते. आणि फुगे असतील, तर...”

“तर मी घरी.”

“महिनाअखेरीला.”

सेनोन खिडकीपर्यंत गेला, दारापर्यंत आला. निएवेस पातेलं मांडीवर घेऊन बघत होती. पडद्यावर तिघीही एकच आकडा दाखवत होत्या.

“बाई, ह्या दोघींना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं,” तो म्हणाला. “खोटं कुणी बोललं नाही.”

“काका, ती यंत्रं आहेत.”

“हो. पण उद्या खरंच पाणी चढलं आणि तुम्हाला वाटलं, ह्या तर बिनकारण ओरडतात, तर?”

त्याने हलकेच फोन ठेवला.

नोंदवहीत तीनच रकाने होते: एक, दोन, तीन. सेनोनने वेळ लिहिली आणि तिघींची मतं लिहिली. काठीचा आकडा समासात लिहिला, कारण तिला रकाना नव्हता. खाली लिहिलं: ‘फुगे दोन. बांधणारा सेनोन चोके.’

मग खिशातून पुरावा काढून त्याने गाठीपाशी पानाला टाचला. पिवळ्याची नुसती चिंधी झाली होती. लाल फुग्यात मात्र त्याचा सकाळचा थोडा श्वास अजून शिल्लक होता, त्यामुळे वही नीट मिटेना.