ओट्यावरचं कॉफीचं मशीन

माझ्या बायकोच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, त्यांना मी कॉफीमास्तर म्हणतो. हिला ते आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणतो.

गेले काही महिने ही सकाळचा चहा अर्धा ठेवून निघते. "राहू द्या हो, ऑफिसात कॉफी घेईन." या मास्तरांनी म्हणे स्वतःचं मशीन ऑफिसात आणून ठेवलंय. दाणे ताजे दळतात, वाफेवर दूध फेसाळतात, आणि कुणाला कॉफी कशी लागते हे बरोबर लक्षात ठेवतात. ही मला हे भांडी विसळता विसळता कौतुकानं सांगते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. लग्नापासून या घरातला सकाळचा पहिला कप माझ्या हातचा. बाकी स्वयंपाकात मी ढ आहे, पण चहा माझा. तोच आता माझ्या डोळ्यांदेखत सिंकमध्ये ओतला जात होता.

मी शिंपी आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. मनात म्हटलं, मास्तर, तुम्हाला बघून घेतो. आणि त्यांच्याकडे आहे तसलंच मशीन मागवलं.

आमचा ओटा म्हणजे एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला सिंक आणि मधे हातभर जागा. तिथे मिक्सर होता. डोक्यावर भिंतीतलं कपाट. पण माप घेणं हा माझा धंदाच. टेप कायम गळ्यात असतो. रुंदी घेतली, खोली घेतली, कपाटापर्यंतची उंची घेतली, मशीनच्या जाहिरातीतल्या आकड्यांशी ताडून पाहिली. शर्टाला ठेवतो तशी दोन्ही बाजूंना बोटभर सैल ठेवली. मिक्सरची रवानगी पलंगाखाली केली.

"हे सगळं कशासाठी?" हिनं विचारलं.

"तुझ्यासाठी."

ती हसली, पण जरा उशिरा हसली.

मशीन आलं आणि त्या जागेत असं बसलं की अंगावर बेतून शिवलंय असं वाटावं. मी मागे सरून डोळे भरून पाहून घेतलं. मग त्यात पाणी भरायला गेलो. पाण्याची टाकी मागच्या बाजूला, आणि ती वर उचलून काढायची. दोन बोटं वर आली आणि कपाटाला अडली. दाणे घालायचं झाकणही तसंच, जरा उघडलं आणि टेकलं.

मी गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. कुणालाही नवा कोट चढवला की मी त्याला आधी हात वर करायला लावतो, मग खुर्चीत बसवतो. कोट कुठे ओढतो, कुठे काचतो, ते तेव्हा कळतं. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं आणि आजवर मी एकाही गिऱ्हाइकाला त्यातून सोडलेलं नाही. या मशीनचं माप मात्र मी त्याचे हात खाली असतानाच घेतलं. रागाच्या भरात घेतलेलं माप हे असं असतं.

आता रोज पाणी भरायचं तर ते धूड मिठी मारून पुढे ओढायचं. त्याचे रबरी पाय ओट्याला चिकटून बसायचे. एकदा ते सिंकमध्येच जायचं, थोडक्यात वाचलं. इतकं करून कॉफी आली ती कधी डांबरासारखी, कधी नुसतं गढूळ पाणी. ही निमूटपणे प्यायची. "छान आहे," म्हणायची आणि घड्याळाकडे बघायची. जे गिऱ्हाईक पुन्हा फिरकणार नसतं, तेही असंच "छान आहे" म्हणून जातं.

शेवटी एक दिवस म्हणाली, "मी त्यांना सुट्टीच्या दिवशी बोलावते. ते येऊन बघतील."

नको म्हणायला काही कारण सुचलं नाही.

मास्तर आले. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, बाही मनगटापासून चांगली वर चढलेली. खांद्याची शिवणही सरकलेली होती. मला बरं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. स्वयंपाकघरात दोनच माणसं मावतात. ती दोघं आत गेली आणि मी माझ्याच घराच्या उंबऱ्यात, गळ्यात टेप अडकवून उभा राहिलो.

"माझ्याही घरी हीच गत होती," मास्तर हसत म्हणाले. पिशवीतून त्यांनी एक पातळ, गुळगुळीत ट्रे काढला आणि मशीन उचलून त्यावर ठेवलं. "ओढायचं, भरायचं, ढकलायचं. झालं." एका हातानं ओढून दाखवलं. माझ्याकडे अस्तराचं गुळगुळीत कापड गठ्ठ्यांनी पडलंय, ते खाली अंथरावं हे मला सुचू नये.

मास्तरांनी कॉफी करायला घेतली. ही न मागता त्यांना चमचा देत होती, फडकं देत होती. मी चहा करताना साखरेचा डबा माझा मीच शोधतो. डोक्यात नुसती तिडीक जात होती. तेवढ्यात दूध फेसाळता फेसाळता त्यांनी अगदी सहज विचारलं, "तुमच्या ताईंचे रिपोर्ट आले का हो?"

"आले काल. गाठ साधी निघाली."

"चला, सुटलात. किती धास्तावला होतात."

मी दारातून एकदा मास्तरांकडे, एकदा हिच्याकडे बघत राहिलो. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, पण तिची कसली गाठ, कुठले रिपोर्ट, मला काहीच ठाऊक नव्हतं. मास्तरांनी माझ्या हातात कप दिला. कॉफी चांगली होती. मी ती उभ्याउभ्याच संपवली.

ते गेल्यावर मी विचारलं, "ताईंना गाठ होती? आणि मला पत्ता नाही?"

"मी सांगायला आले होते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "ज्या दिवशी कळलं, त्याच सकाळी. तुम्ही चहा माझ्यासमोर ठेवलात आणि शिलाई मशीनवर जाऊन बसलात. मी दोनदा हाक मारली. मशीनच्या आवाजात तुम्हाला ऐकू आली नाही."

"पुन्हा मारायचीस."

"तुमचा चहा छानच असतो हो. पण रोज मी तो एकटी पिते. ते कॉफी देतात आणि समोर बसतात. काय झालं, विचारतात. एवढंच."

इतके दिवस मी त्या माणसाच्या मशीनवर जळत होतो. आता खरंच जळावं असं काहीतरी समोर आलं होतं. एक स्टूल ओढून मी तिच्याजवळ बसलो.

"बरं, आता सांग," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांग."

"आता काय सांगू?" ती मास्तरांचा कप विसळत म्हणाली. "चांगलं निघालं ना सगळं."