विसरले, की थांबले?

बरणीचं झाकण. आतल्या आट्यांमध्ये साखरेचे चार-दोन कण अडकलेले, आणि सकाळचं ऊन त्यांच्यावर इतकं नेमकं बसलेलं की वाटावं, कुणीतरी सुईच्या टोकानं एकेक कण वेचून तिथं ठेवलाय... त्यानं ते डाव्या हातानं उचललं, उजव्यात अजून तेवढा जोर नाही, आणि खिडकीकडे धरलं. "हे... हे..."

"झाकण," ती म्हणाली.

म्हणाली आणि चहा गाळायला वळली. शब्द आताशा तिच्या ओठांवर तयारच असायचे. चष्मा, टॉवेल, पंखा कमी कर, पाय अवघडला... त्याच्या तोंडून पहिलं अक्षर धडपडत निघायच्या आत तिच्या तोंडून अख्खा शब्द घडी घालून बाहेर. कपबशी घेऊन ती परत वळली तेव्हा झाकण टेबलावर पालथं पडलेलं होतं आणि तो हसत होता, अर्धांगाचा झटका आल्यापासून हसतो तसा, अर्ध्या तोंडानं.

आणि हा माणूस बस स्टँडवर गाड्या पुकारायचा. काचेच्या खोलीत माइकसमोर बसून, इतक्या भरदार आवाजात की लोक म्हणायचे, तो ऐकून चुकलेली गाडीसुद्धा माघारी येईल. घरी आला तरी तोंडाला उसंत नाही. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे, भाजीला मीठ कमी असल्यामुळे जेवण थोड्या विलंबाने सुटेल...' आणि मी म्हणायचे, पुरे हो, शेजारी ऐकतात. पुरे हो. पुरे म्हणण्याइतकं तेव्हा होतं सगळं.

दुपारी नणंद आली, दारातूनच ओरडत. "वहिनी, अजून इथंच? तुझ्या नाटकाचा पडदा पडून माणसं घरी गेली असतील!"

"अगं, तालीम आहे. नाटकाला अवकाश आहे अजून."

"तेच ते. जा तू. दादाशी मी पत्ते खेळते. जिंकला तरी चारचौघांत सांगता येत नाही त्याला, माझं बरंच आहे."

तो खदखदून हसला. नणंद अशी काहीबाही बोलायची आणि त्याला ते चालायचं. तिनं स्वतः असं काही म्हटलं असतं तर... पण तिला ते सुचलंच नसतं. ती पिशवी घेऊन निघाली. पिशवीत नाटकाचं पुस्तक, सुईदोरा, पेन्सिल.

ती शिवणकाम करायची, आणि नाटकात आली ती एका कोटाच्या मागून. गावातल्या हौशी मंडळींनी जुना कोट उसवून लहान करायला दिला होता. तो अंगावर बघायला म्हणून ती शाळेच्या हॉलमध्ये गेली, गुडघ्यांवर बसून टाचण्या लावत होती, तेवढ्यात चष्म्याच्या दुकानाचे मालक — हेच दिग्दर्शक, सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत — तिच्या हातात पुस्तक देऊन म्हणाले, "ताई, जरा धरता का? कुणी अडखळलं तर पुढचं वाक्य हळूच सांगायचं." तिनं धरलं. विंगेत, म्हणजे नकाशांच्या कपाटामागे, एका डुगडुगत्या स्टुलावर बसून. आणि संध्याकाळी घरी जाताना तिच्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. कारण इथे हरवलेला शब्द सापडत होता! पानावर बोट ठेवायचं, की तो तिथेच, आपल्या जागी, ठेवला तसा. कुणाचा शब्द गेला तर ती बोटानं शोधून हातावर ठेवू शकत होती. घरी ती सगळं घर धुंडाळायची त्याच्या एका शब्दासाठी, आणि तरी खात्री नसायची की सापडला तो हाच. त्या स्टुलाचा तिला लोभ जडला होता. लोभच, दुसरं काय म्हणणार.

पण मागच्या तालमीत ती चुकली होती. आज पुन्हा चुकली.

नाटकात म्हातारा बाप आहे, घड्याळं दुरुस्त करणारा. मुलगी कायमची परगावी निघालीय. बापाचं काम करतो गावातला बेकरीवाला. मुलीचं करते इस्पितळातली नर्स. ती दारात थांबून विचारते, "बाबा, जाऊ नको असं एकदाही म्हणणार नाही तुम्ही?" आणि बापानं म्हणायचं, "तिकडे थंडी असते. स्वेटर घेतलास?"

नर्सनं विचारलं. बेकरीवाला गप्प. कपाटामागे तिचं बोट पुस्तकातल्या 'तिकडे'वर. तो गप्पच. तिच्या छातीत काहीतरी वर चढू लागलं, तेच, रोज घरात चढतं ते, हा आता बुडतोय, हात द्या, हात द्या कुणीतरी...

"तिकडे थंडी असते," ती कुजबुजली. मग जरा मोठ्यानं, "तिकडे थंडी—"

बेकरीवाल्यानं दोन्ही हात वर केले. "ताई, अहो जिवंत माणसाला खांदा देऊ नका हो!"

नर्स इतकी हसली की दाराच्या चौकटीला टेकली. तीही हसली, पण कान तापले. चष्मेवाले खुर्चीतून उठले, चष्मा पुसत. रागावलेला माणूस बरा, हे आवाज खाली आणून बोलायचे. "ताई, ते विसरले नव्हते. थांबले होते. ती थांबायची जागाच सगळं आहे त्या प्रवेशात, दुसरं काही नाही. असं करू या का, तुम्ही कपड्यांचंच बघा. पुस्तकाला मी दुसरं कुणीतरी..."

वाक्य त्यांनी अर्धं सोडलं. तिला ते पुरं करता आलं असतं. जीभ वळवळली.

"आजच्या दिवस बसू द्या," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला इतका लहान वाटला, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारखा.

चष्मेवाल्यांनी मान डोलावली. तेवढ्यात बेकरीवाला कपाटामागे आला, पाणी प्यायला. तिचं उतरलेलं तोंड बघून म्हणाला, "ताई, तुम्ही पुस्तकात बघता, तिथंच गोची होते. पुस्तक काय, कधीच विसरत नाही. माझ्या हातांकडे बघत जा. मी खरंच विसरलो ना, की बोटं पीठ मळायला लागतात. बायको सांगते, झोपेतसुद्धा. बोटं गप्प असली तर समजायचं, म्हातारा बोलतोय आतल्या आत."

प्रवेश पुन्हा सुरू झाला. तिनं बोट पानावरच ठेवलं, डोळे मात्र वर. आणि काय आश्चर्य, इतके दिवस ती या माणसांना ऐकत होती, पाहत नव्हतीच. नर्सच्या टाचा दारात उचललेल्या. बेकरीवाल्याच्या कोटाची, तिनंच लहान केलेल्या कोटाची, बाही मनगटाशी किंचित आखूड पडलेली.

"बाबा, जाऊ नको असं एकदाही म्हणणार नाही तुम्ही?"

तो गप्प.

बोटं... बोटं गप्प. मांडीवर नुसती ठेवलेली, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावीत तशी. थांब, तिनं स्वतःला म्हटलं. थांब गं. आई शिवायला बसली की मशीनच्या लयीवर गुणगुणायची, ते कुठून कोण जाणे उमटलं —

सुई गं जाते पुढं, दोरा येतो मागं मागं
टाक्याच्या वळणाशी सुई दोऱ्यासाठी जागं

— वळणाशी जागं. आईला विचारायला हवं होतं, सुई जागते म्हणजे काय करते. ती शांतता आता तिला पोकळ वाटत नव्हती. तिच्यात तो म्हातारा हिंडत होता, मुलीचं बालपण उचलून बघत होता, ठेवत होता, जाऊ नको हा शब्द पार ओठांपर्यंत आणून परत नेत होता... आणि मग त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "तिकडे थंडी असते. स्वेटर घेतलास?" कुणीतरी नाक ओढलं. ती स्वतःच होती.

पुढच्या पानावर तो खरंच विसरला. बोटं मांडीवरचं नसलेलं पीठ मळू लागली. तिनं फक्त पहिला शब्द दिला, तोही श्वासावर, आणि त्यानं तो वाटेत पडलेली आपलीच किल्ली उचलावी तसा उचलला.

निघताना चष्मेवाले काही बोलले नाहीत. स्टुलाच्या डुगडुगत्या पायाखाली मात्र ते कागदाची घडी सारत होते. त्याचा अर्थ काय घ्यायचा हे तिला कळेना.

घरी नणंद पत्ते आवरत होती. "लबाड आहे हा! तीन डाव जिंकला," म्हणाली, चपला घातल्या, गेली. ऊन आता दुसऱ्या खिडकीतून तिरपं येत होतं, सकाळी नव्हतं त्या बाजूनं. तिनं पिशवी खुंटीला अडकवली. चहा ठेवला, साखरेची बरणी काढली, आणि त्यानं झाकण उचललं. डाव्या हातानं. उन्हात धरलं.

"हे..."

झाकण. शब्द आलाच, जिभेच्या टोकाशी, घडी घालून. तिनं ओठ मिटले.

आणि पहिल्यांदाच बघितलं. झाकणाकडे नाही, त्याच्याकडे. त्याचे डोळे झाकणावर नव्हतेच. ते आट्यांतल्या त्या कणांवर होते, का त्यांच्याही पलीकडे कुठे... आणि उजवा हात, तो आजारी हात, टेबलावर पडलेला, त्याची बोटं — चाचपडत होती का? की नुसतीच होती? तिला कळेना. बेकरीवाल्याची बोटं ओळखायला एक दुपार पुरली. या हाताशी जन्म काढला आणि त्याची खूण तिला ठाऊक नाही. म्हणजे सकाळी त्याला झाकण म्हणायचंच नसेल. कितीतरी सकाळी त्याला झाकण, चष्मा, टॉवेल म्हणायचंच नसेल, आणि तो आपला हसत असेल, अर्ध्या तोंडानं, माझं मन मोडू नये म्हणून.

"हे..." तो पुन्हा म्हणाला.

चहाला उकळी फुटली. तिनं हात लांबवून गॅस बारीक केला, डोळे न हलवता. खाली रस्त्यावरून एक बस गेली, खिडकीची काच थरथरली आणि थांबली. तो तिच्याकडे बघत होता. जरा नवल वाटल्यासारखा, की अजून हिनं सांगितलं कसं नाही. तिला वाटलं होतं, आता छातीत ते चढेल, हात द्या, हात द्या... पण ते आलं नाही. त्या जागेत आता तीही होती, कपाटामागं बसावं तशी, श्वास धरून, त्याच्या अगदी जवळ.

सांगा, ती मनात म्हणाली. सावकाश. गाडी थांबलीय.